ऑनलाइन गेमसाठी डायलअप मोडेम निवडताना: आधी लाइन, मग चिप, वेग सगळ्यात शेवटी

विंडोज ९८ चं जुनं मशीन जमवून त्यावर क्वेक थ्री किंवा क्वेकवर्ल्डसारखे नेमबाजीचे गेम पुन्हा मोडेमवरून, म्हणजे फोनलाइनवरून, खेळणारे बरेच जण एकाच ठिकाणी अडकतात. खोक्यावर ‘५६के’ (सेकंदाला ५६ किलोबिट) दिसतं, मोडेम उचलला जातो, कार्ड बसतं, आणि मग पिंग (पाकीट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) ३०० ते ९०० च्या मध्ये का नाचतोय म्हणून आठवडाभर सेटिंगशी झटापट चालते. सेटिंगचा दोष सहसा नसतो. चुकीच्या लाइनवर चुकीच्या चिपचा मोडेम लावलेला असतो, आणि ते कुठल्याच सेटिंगने सुधारत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: गेम, लाइन, चिप, पोर्ट, मोजणी, आणि त्यानंतर सेटिंग. मधला टप्पा गाळलात की पुढचं सगळं अंदाजपंचे होतं.

मोडेमला टाइप करून द्यायच्या खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाकायचे. ‘एटीएक्स३’ म्हणजे ए, टी, एक्स आणि तीन, मध्ये जागा न सोडता.

## टप्पा १: काय खेळायचं ते आधी ठरवा

डॉसचा गेम (डूम, ड्यूक न्यूकेम थ्रीडी) दोन मशीनमध्ये थेट मोडेमवरून खेळायचा असेल तर प्रश्नच मिटला: खरा हार्डवेअर मोडेम लागतो. विनमोडेम डॉसमध्ये दिसतच नाही, कारण त्याचा अर्धा मेंदू विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये असतो.

विंडोजवरून नेमबाजीचे गेम खेळणार असाल तर हा पूर्ण लेख तुमच्यासाठी आहे. मूळ क्वेकपेक्षा क्वेकवर्ल्ड घ्या. तो मोडेमवाल्यांसाठीच बनवलेला आहे: तुमची स्वतःची हालचाल सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता पडद्यावर दिसते. स्टारक्राफ्टसारखे डावपेचाचे गेम बरेच सोशिक असतात. पाव सेकंदाचा उशीर त्यात खपून जातो, त्यामुळे तेवढंच खेळायचं असेल तर पुढची अर्धी चिकित्सा सोडून दिलीत तरी चालेल.

## टप्पा २: लाइन

बाहेरच्या डायलअप सेवेच्या भरवशावर बेत आखू नका. अमेरिकेत एओएलनेसुद्धा ३० सप्टेंबर २०२५ ला आपली डायलअप सेवा बंद केली. आपल्याकडे घरातली तांब्याची लाइन जाऊन फायबरचा डबा आला असेल, तर त्या डब्याच्या फोन जॅकमधून निघणारी लाइन इंटरनेटवरूनच बोलते. तिच्यावर आवाज छान येतो, मोडेम मात्र दर थोड्या वेळाने कोलमडतो. तेव्हा ‘एक्स्चेंज’ घरातच उभारायचं: एका टोकाला तुमचं गेमचं मशीन आणि त्याचा मोडेम, दुसऱ्या टोकाला एखादा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) किंवा लिनक्सचा जुना पीसी आणि त्याचा मोडेम, आणि मधे फोनलाइनचं सोंग घेणारा एक डबा.

तो डबा दोन प्रकारचा असू शकतो.

१. जुना ॲनालॉग ईपीएबीएक्स. ऑफिसं रिकामी होताना इंटरकॉमचे हे डबे भंगारात जातात. एक लाइन आणि तीन-चार एक्स्टेन्शनचा लहानसा पुरतो. तो आवाज जसाच्या तसा पुढे ढकलतो, स्वतःचा उशीर जवळपास घालतच नाही.

२. व्हॉइप अडॅप्टर (इंटरनेटवरून फोन चालवणारा डबा), दोन फोन जॅकचा. हा नवा मिळतो, पण आवाजाची पाकिटं करून पाठवतो. पाकिटं भरण्याचा वेळ, ती ओळीत लावणाऱ्या बफरचा वेळ, आणि हे दोन्ही दिशांना. मोडेम जोडला जाईल, पण पिंगमध्ये बरेच मिलिसेकंद फुकट जातील.

माझं मत स्पष्ट आहे: गेमसाठी ईपीएबीएक्स. अडॅप्टरच घ्यावा लागला तर कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) जी.७११ ए-लॉ ठेवा, शांततेत पाकिटं थांबवणारी सोय बंद करा, इको कॅन्सलेशन बंद, फॅक्सचं टी.३८ बंद, जिटर बफर ‘फिक्स्ड’, आणि पाकिटाचा आकार २० ऐवजी १० मिलिसेकंद मिळत असेल तर तो. यातलं काही राहिलं तर मोडेम थोडा वेळ गाऊन लाइन सोडण्याची शक्यता असते.

इथेच ५६के चा निकाल लावा. व्ही.९० प्रमाणाच्या (म्हणजे ५६के) मोडेमला ५६ चा वेग फक्त एकाच परिस्थितीत मिळतो: समोरचं टोक टेलिफोन एक्स्चेंजला डिजिटल जोडणीने जोडलेलं असेल तेव्हा. इंटरनेट कंपन्यांकडे तसं असायचं. दोन साध्या मोडेमची एकमेकांशी गाठ घातली तर ते कितीही भारी असले तरी ३३.६ च्या वर जात नाहीत. घरच्या मांडणीत तुमचे दोन्ही मोडेम साधेच आहेत. म्हणजे ‘व्ही.९२ आहे साहेब, लेटेस्ट’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. ३३.६ चा चांगला व्ही.३४ मोडेम तुम्हाला तेवढंच देतो.

आणि समजा मिळालेच असते ५० किलोबिट, तरी? गेमचं साधारण १०० बाइटचं पाकीट ३३.६ वर २४ मिलिसेकंदांत बाहेर पडतं, ५० वर १६ मध्ये. फरक आठ मिलिसेकंदांचा. वर व्ही.९० मध्येसुद्धा तुमच्याकडून जाणारी बाजू ३३.६ लाच अडकलेली असते. दोन मोडेम मिळून आत-बाहेर करायलाच साधारण १०० मिलिसेकंद घेतात, आणि ते वेगाने कमी होत नाहीत. एसटीची गाडी मोठी आली म्हणून स्वारगेट ते दादर हे अंतर घटत नाही.

तपासा: मोडेम घ्यायच्या आधी ईपीएबीएक्सच्या दोन एक्स्टेन्शनवर साधे फोन लावून पाच मिनिटं बोला. खरखर, गुणगुण, मधेच ‘टूं’ असा कॉल वेटिंगचा आवाज यातलं काही ऐकू आलं तर आधी ते मिटवा. कॉल वेटिंगचा एक टूं मोडेमचं कनेक्शन पाडायला पुरेसा असतो.

## टप्पा ३: चिप

मोडेममध्ये दोन कामं चालतात. एक, आवाजाचं आकड्यांत आणि आकड्यांचं आवाजात रूपांतर. हे सिग्नल प्रोसेसरचं काम. दोन, कमांड ऐकणं, चूक दुरुस्ती, कॉम्प्रेशन. हे कंट्रोलरचं काम. ही दोन कामं कोण करतं यावर सगळं ठरतं.

- हार्डवेअर मोडेम: दोन्ही कामं मोडेमवरच. गेमसाठी हाच.
- कंट्रोलर नसलेला: सिग्नल प्रोसेसर कार्डावर, कंट्रोलर ड्रायव्हरमध्ये. ल्युसेंटचा एलटी विनमोडेम आणि कोनेक्संटचे एचसीएफ प्रकारातले या गटात येतात. ल्युसेंटवाला त्यातल्या त्यात बरा, मशीनमध्ये ताकद असेल तर चालवून घेता येतो.
- पूर्ण सॉफ्टमोडेम: कार्डावर जवळपास फक्त फोनलाइनचा जोड, बाकी सगळं तुमच्या प्रोसेसरच्या डोक्यावर. एचएसएफ, पीसीटेलचे एचएसपी, मोटोरोलाचा एसएम५६ हे यातले.

शेवटच्या गटातला मोडेम ब्राउझिंगला ठीक चालतो, आणि म्हणूनच माणूस फसतो. गेम सुरू झाला की प्रोसेसर पूर्ण व्यापला जातो. ड्रायव्हरला वेळेवर पाळी मिळाली नाही की मोडेम लाइनवरचा ताल चुकतो आणि समोरच्याशी पुन्हा जुळवणी करायला लागतो. ती जुळवणी होईपर्यंत काही सेकंद तुम्ही जागच्या जागी पळत राहता, आणि परत येता तेव्हा मेलेले असता.

ओळखायचं कसं? कार्ड हातात घेऊन दिव्याखाली धरा. जुन्या आयएसए (पीसीआयच्या आधीच्या खाचेत बसणाऱ्या) कार्डावर कॉम पोर्ट आणि आयआरक्यू (प्रोसेसरला हाक मारायची ओळ) यांचे जंपर असतील तर तो जवळपास नक्की हार्डवेअर मोडेम. दोन मोठ्या चिप, शेजारी मेमरीची एखादी लहान चिप, बोर्ड भरलेला: चांगली खूण. उलट, वीतभरही नसलेलं पीसीआय कार्ड, मधोमध एकटी चौकोनी चिप, आणि बाकी मोकळा हिरवा बोर्ड असेल तर तो सॉफ्टमोडेम समजा. खोकं मिळालं तर मागचा भाग वाचा. ‘डॉस’ लिहिलेलं असेल तर उत्तम. ‘किमान अमुक मेगाहर्ट्झचा पेंटियम आणि विंडोज आवश्यक’ असेल तर तो प्रोसेसर मोडेमसाठी मागितलेला आहे.

पीसीआयमधले बहुतेक सॉफ्ट असतात, सगळे नाहीत. यूएस रोबोटिक्सचा ५६१० हा पीसीआय असूनही खरा हार्डवेअर मोडेम आहे. त्याच कंपनीचे सॉफ्ट प्रकारही बाजारात फिरतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, मॉडेलचा आकडा वाचा.

सगळ्यात सोपा मार्ग: सिरीयल पोर्टला लागणारा बाहेरचा मोडेम घ्या. त्यात कंट्रोलर आतच असतो. पुढे दिवे असतात, आणि ते दिवे नंतर बिघाड शोधताना सोन्यासारखे उपयोगी पडतात. लिनक्सच्या टोकाला यूएसबी हवा असेल तर यूएस रोबोटिक्सचा ५६३७ हार्डवेअर प्रकारचा आहे, वेगळा ड्रायव्हर न मागता सिरीयल पोर्टसारखा दिसतो.

सावधान: ‘यूएसबी म्हणजे बाहेरचा, बाहेरचा म्हणजे हार्डवेअर’ हे गणित चुकीचं आहे. यूएसबीत सॉफ्टमोडेम भरपूर आहेत.

## टप्पा ४: विकत घेताना

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात जुना बाजार, नाहीतर सेकंडहँड विकणाऱ्या साइट. कुठेही घ्या, पण चालू करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पावसाळ्यातल्या विजांनी आपल्याकडचे असंख्य मोडेम आतून गेलेले आहेत. वरून दिवे लागतात, ‘ओके’ म्हणतात, लाइन मात्र उचलत नाहीत.

सोबत लॅपटॉप, यूएसबी-सिरीयल वायर आणि टर्मिनलचा प्रोग्राम ठेवा. मग याच क्रमाने:

१. जॅकच्या आसपास वास घ्या, काळपट डाग बघा. वीज तिथूनच शिरते.

२. अडॅप्टरचा शिक्का आणि मोडेमच्या बुडाचा शिक्का जुळवा. काही बाहेरच्या मोडेमना ९ व्होल्ट एसी लागतो, डीसी नाही. तशाच जाड पिनचा डीसी चायना अडॅप्टर टोचून ‘डेड आहे’ म्हणून फेकलेले धडधाकट मोडेम मिळतात, फायदा तुमचा. अमेरिकेहून आलेला ११०-१२० व्होल्टचा अडॅप्टर मात्र आपल्या २३० च्या सॉकेटात घालू नका, एका क्षणात धूर निघतो.

३. ‘एटी’ टाइप करून एंटर. ‘ओके’ यायला हवं.

४. ‘एटीआय३’ द्या. बऱ्याच मोडेमवर चिप किंवा फर्मवेअरची ओळ येते. ती लिहून घ्या, पुढे कुठल्या कमांड चालतील ते तीच सांगते.

५. ‘एटीएच१’ द्या आणि कान जवळ न्या. आतल्या रिलेचा बारीक ‘टिक्’ ऐकू आला पाहिजे. ‘एटीएच’ दिल्यावर पुन्हा टिक्. आवाज नाही तर सहसा लाइनकडची बाजू गेलेली. काही नव्या मोडेममध्ये रिलेच नसतो, तिथे पुढच्या चाचणीवर भरवसा ठेवा.

६. दोन मोडेम घेताय तर तिथेच एकमेकांना फोनच्या वायरने जोडा. एकावर ‘एटीएक्स३डी’, दुसऱ्यावर ‘एटीए’. बहुतेक जोड्या लाइनच्या व्होल्टेजशिवायही किंचाळून जुळतात. जुळल्या नाहीत तर लगेच नापास करू नका. काही मोडेमना करंट लागतोच, त्यांची परीक्षा घरी ईपीएबीएक्सवर.

सिरीयल वायर मोडेमसोबत मिळाली तर घ्या. मोडेमला सरळ वायर लागते. दोन कॉम्प्युटर जोडायची नल-मोडेम वायर हुबेहूब तशीच दिसते, आणि तिच्यात अडकून लोक संध्याकाळ घालवतात.

## टप्पा ५: बसवणं

पोर्ट. बाहेरच्या मोडेमसाठी मशीनच्या सिरीयल पोर्टमधली यूएआरटी चिप १६५५०ए हवी. तिच्यात १६ बाइटचा बफर असतो. ४८६ काळातल्या मशीनमध्ये ८२५० किंवा १६४५० असेल तर बफर एका बाइटचा, आणि गेम चालताना बाइट सांडतात. विंडोज ९८ मध्ये कंट्रोल पॅनेल, मोडेम, डायग्नॉस्टिक्स, मोअर इन्फो इथे यूएआरटीचं नाव दिसतं.

वेग आणि फ्लो कंट्रोल. पोर्टचा वेग १,१५,२००, फ्लो कंट्रोल (बफर भरला की समोरच्याला थांबवायची सोय) ‘हार्डवेअर’, फिफो बफर चालू. वेग ३३,६०० च्या आसपासचा म्हणून ३८,४०० ठेवणं ही नेहमीची काटकसर. तिच्यामुळे प्रत्येक पाकीट वायरवरच जास्त वेळ घेतं.

आयआरक्यू. आतल्या आयएसए कार्डासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. कॉम१ आणि कॉम३ दोघे आयआरक्यू ४ वापरतात, कॉम२ आणि कॉम४ दोघे ३. माऊस सिरीयल आणि कॉम१ वर, कार्ड कॉम३ वर, अशी मांडणी असेल तर कनेक्शन लागतं, मेल येते, आणि गेममध्ये माऊस झटकला की लाइन तुटते. लोक फोनलाइनला शिव्या घालतात. उपाय: बायोसमध्ये दुसरा सिरीयल पोर्ट बंद करा आणि कार्डाच्या जंपरने त्याला कॉम२, आयआरक्यू ३ द्या.

यूएसबी-सिरीयल वायर. लिनक्सच्या टोकाला ही वापरत असाल तर एक दडलेला उशीर आहे. एफटीडीआय चिपच्या वायरचा ‘लेटन्सी टायमर’ मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो: थोडेच बाइट आले तर चिप तेवढा वेळ थांबून मग पुढे देते. गेमची पाकिटं लहान असल्याने हा दंड पुन्हा पुन्हा बसतो. टायमर १ वर आणा.

जॅक. मोडेमला दोन जॅक असतात, ‘लाइन’ आणि ‘फोन’. वायर ‘लाइन’मध्ये. हसू नका, ही चूक कमी होत नाही.

## टप्पा ६: पहिलं कनेक्शन, काहीही न बदलता

आधी मोडेम कारखान्यातल्या सेटिंगवर आणा: ‘एटी&एफ’, यूएस रोबोटिक्सवर ‘एटी&एफ१’. त्यात फक्त ‘एक्स३’ची भर घाला. भारतातला डायल टोन अमेरिकी टोनपेक्षा वेगळा आहे आणि ईपीएबीएक्सचा तर स्वतःचाच असतो. एक्स३ दिल्यावर मोडेम टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. ‘नो डायलटोन’ची निम्मी रडगाणी इथेच संपतात.

लिनक्सच्या टोकाला एमगेटी हा प्रोग्राम फोन उचलतो आणि पीपीपीडी हा प्रोग्राम जोडणी चालवतो. एक्स्टेन्शनचा नंबर डायल करा, जोडणी झाली की समोरच्या टोकाला ५० वेळा पिंग करा, इंटरनेटवरच्या सर्व्हरला नाही. आपल्याला आत्ता फक्त दोन मोडेम आणि मधली लाइन मोजायची आहे.

सरासरी बघू नका. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांतलं अंतर बघा. १४० ते १६० मधला पिंग खेळायला चांगला. ११० ते ४०० मधला वाईट, त्याची सरासरी कितीही गोड दिसो.

मग तीच मोजणी गेम खिडकीत चालू ठेवून करा. दोन मोजण्यांत मोठा फरक पडला तर तुमच्याकडे सॉफ्टमोडेम आहे किंवा आयआरक्यूची मारामारी आहे. टप्पा ३ किंवा ५ कडे परत जा, पुढे जाऊ नका.

सावधान: विंडोजचा पिंग आपल्या पाकिटात तीच ती अक्षरं क्रमाने भरून पाठवतो. मोडेमचं कॉम्प्रेशन चालू असेल तर ती चिमूटभर होतात आणि पिंग खोटाच चांगला दिसतो. गेमचा डेटा असा दाबला जात नाही. क्वेक थ्री तर पाठवण्याआधी स्वतःच दाबून पाठवतो.

## टप्पा ७: कॉम्प्रेशन आणि चूक दुरुस्ती

इथे सगळ्यात जास्त अर्धवट सल्ले फिरतात, म्हणून जरा थांबून.

कॉम्प्रेशन बंद. यात वाद नाही. आधीच दाबलेल्या डेटावर फायदा शून्य, आणि मोडेमला बाइट गोळा करायचं आणखी एक निमित्त मिळतं. यूएस रोबोटिक्सवर ‘&के०’, रॉकवेल आणि कोनेक्संट घराण्यातल्या चिपवर ‘%सी०’. ही अक्षरं घराण्यागणिक बदलतात: रॉकवेलवर ‘&के’ म्हणजे फ्लो कंट्रोल, आणि तिथे ‘&के०’ दिलंत तर बाइट सांडायला लागतील. टप्पा ४ मध्ये लिहून घेतलेली ओळ यासाठीच होती.

चूक दुरुस्ती. ‘गेमसाठी बंदच करा’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धा खरा आहे. चालू असताना मोडेम डेटा चौकटींत बांधतो, आणि चौकट बिघडली तर पुन्हा मागवतो. त्या वेळी मागची सगळी पाकिटं खोळंबतात आणि पिंगचा सुळका दिसतो. बंद केल्यावर बिघडलेलं पाकीट सरळ टाकून दिलं जातं, जे गेमला चालतं.

पण बंद करण्याची किंमत कुणी सांगत नाही. दुरुस्ती चालू असताना एक बाइट लाइनवर ८ बिट घेतो. बंद केल्यावर प्रत्येक बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन बिट जोडून जावं लागतं, म्हणजे १०. ३३,६०० वर सेकंदाला ४,२०० बाइट जायचे ते ३,३६० वर येतात. शंभर बाइटचं पाकीट २४ ऐवजी ३० मिलिसेकंद घेतं.

तेव्हा दोन्ही मोजा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला, लाइन तोडून पुन्हा जोडा, टप्पा ६ ची मोजणी करा. एका टोकाने नकार दिला तरी दुरुस्ती बंद होते, त्यामुळे प्रयोग फक्त गेमच्या मशीनवर केला तरी पुरे: यूएस रोबोटिक्सवर ‘&एम०’, रॉकवेल घराण्यात ‘\एन०’. ईपीएबीएक्सच्या स्वच्छ लाइनवर मी चालूच ठेवतो. तिथे चुका जवळपास होत नाहीत, मग पुन्हा मागवायचा प्रश्नच कुठे येतो?

## टप्पा ८: वेगाला लगाम

मोडेम लाइन जेमतेम सोसेल एवढ्या वेगावर जुळतो. ३३,६०० वर जुळून दर दहा मिनिटांनी जुळवणी मोडणारा मोडेम खेळायला निरुपयोगी. तोच २८,८०० वर ठेवला तर तासभर हलत नाही. यूएस रोबोटिक्सवर ‘&एन१४’ म्हणजे २८,८००. इतर चिपवर ‘+एमएस’ ही कमांड असते, तिचे आकडे चिपच्या माहितीपत्रकात बघूनच द्या.

कनेक्शन तुटल्यावर लगेच यूएस रोबोटिक्सवर ‘एटीआय६’, रॉकवेल घराण्यातल्या बऱ्याच मोडेमवर ‘एटी&व्ही१’ द्या. शेवटच्या कॉलमधल्या पुनर्जुळवण्या आणि वेग दिसतात. शून्य पुनर्जुळवण्या येईपर्यंत एकेक पायरी खाली या. सगळं जमलं की ‘एटी&डब्ल्यू’ देऊन मोडेममध्ये साठवा.

## टप्पा ९: विंडोज ९८

हे भराभर उरका. डायलअप कनेक्शनच्या ‘सर्व्हर टाइप्स’मध्ये फक्त टीसीपी/आयपी ठेवा, नेटब्यूई, आयपीएक्स, ‘लॉग ऑन टू नेटवर्क’ आणि ‘सॉफ्टवेअर कॉम्प्रेशन’ या सगळ्यांवरची खूण काढा.

पाकिटाचा आकार मात्र लक्षपूर्वक. डायलअप अडॅप्टरच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये आयपी पॅकेट साइझ ‘स्मॉल’ करा, म्हणजे ५७६ बाइट. १,५०० बाइटचं एक पाकीट ३३.६ च्या लाइनवर ३५७ मिलिसेकंद अडवून बसतं. ५७६ चं १३७. मागे काहीतरी डाउनलोड होत असेल तर गेमचं पाकीट त्याच्या पाठीमागे उभं राहतं. लिनक्सच्या टोकालाही एमटीयू (पाकिटाचा कमाल आकार) ५७६ ठेवा, कारण तुमच्याकडे येणारी पाकिटं तिथूनच निघतात. हे दुसरं टोक विसरलं जातंच.

## टप्पा १०: गेमला खरं सांगा

क्वेक थ्रीच्या नेटवर्क मेनूत डेटा रेट निवडता येतो: २८.८ ला २५००, ३३.६ ला ३०००, ५६के ला ४०००. हे बाइट प्रति सेकंद आहेत. टप्पा ७ चे आकडे शेजारी ठेवा. दुरुस्ती चालू असेल तर ३३.६ वर लाइन ४,२०० देते, त्यात ३००० आरामात बसतं. बंद असेल तर ३,३६० मध्ये पाकिटांची वेष्टणंही बसवायची आहेत, तेव्हा २५०० घ्या. ‘मोडेम ५६के चा आहे’ म्हणून ४००० लावणं ही शेवटची चूक, आणि तिचं लक्षण ओळखता येतं: सामना सुरू होताना पिंग ठीक, चार खेळाडू समोर आले की चढत जातो, आणि गर्दी पांगली की हळूहळू उतरतो.

‘सीएल_मॅक्सपॅकेट्स’ ३० च्या वर नेऊ नका. चूक दुरुस्ती चालू असेल तर ‘सीएल_पॅकेटडुप’ शून्य करा. मोडेम पाकीट हरवू देत नाही, मग दोनदा पाठवण्यात काय अर्थ? आपोआप डाउनलोड बंद, नकाशे आधीच उतरवून ठेवा.

## ड्रीमकास्टवाल्यांसाठी एवढंच

ड्रीमकास्ट या सेगाच्या गेम कन्सोलचा मोडेम निवडता येत नाही. अमेरिकी मॉडेलमध्ये ५६के, जपानी आणि युरोपीय मॉडेलमध्ये ३३.६, आणि टप्पा २ मुळे घरी दोन्हींचा निकाल सारखाच. निवड फक्त रास्पबेरी पायच्या बाजूच्या यूएसबी मोडेमची: हार्डवेअर प्रकारचा हवा, आणि त्यात व्हॉइस मोड हवा, कारण ड्रीमपाय ही प्रणाली कन्सोलला डायल टोन मोडेममधूनच वाजवून दाखवते. मधे ईपीएबीएक्स नसेल तर लाइनवर व्होल्टेज नसतं आणि काही कन्सोलना लाइन जिवंत वाटत नाही. तिथे ९ व्होल्टची बॅटरी आणि तीन-चारशे ओहमचा रेझिस्टर फोनच्या एका तारेत मालिकेत जोडून काम भागतं. ही जोडणी फक्त दोन मोडेममधल्या सुट्या वायरवर करायची, भिंतीतल्या रोझेटला (फोनच्या सॉकेटला) कधीही नाही.